आधी चंपीची चाल मोजा, मग गाणं निवडा

प्रश्न मोर्शी तालुक्यातल्या एका शेतकरी भाऊंचा आहे. त्यांची लेक सातवीत शिकते. परदेशातली माणसं कुत्र्याबरोबर गाण्यावर नाचतात ते तिने मोबाइलवर पाहिलं आणि घरच्या चंपीला तसं शिकवायचंच असं तिने मनावर घेतलं. चंपी दोन वर्षांची, गावठी, संत्र्याच्या बागेतच वाढलेली. भजनात खंजिरी वाजायला लागली की ती शेपूट हलवत गोल गोल फिरते म्हणे. भाऊंनी विचारलंय की गावठी कुत्रीला हे जमेल का, की जातिवंत पिल्लू विकत घ्यावं लागेल; सुरुवात कशी करायची; आणि लोक "घरी मदाऱ्याचा धंदा लावला का" म्हणतात, त्यांना काय सांगायचं.

भाऊ, पिल्लू विकत घेऊ नका. चंपी पुरे आहे. या खेळात बॉर्डर कोली जास्त दिसतात हे खरं. मेंढरं वळणारी ती जात, माणसाच्या हाताकडे नजर लावून राहणं तिच्या रक्तातच आहे. पण २०१२ साली 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' ही स्पर्धा अ‍ॅशली बटलर या १७ वर्षांच्या मुलीबरोबर जिंकणारा पड्सी संकरित कुत्रा होता. आपलं गावठी कुत्रं अंगाने सडपातळ, पायाने मोकळं, वळायला चपळ. या खेळाला शरीर असंच लागतं. फरक स्वभावात आहे. लॅब्राडोर एका तुकड्यासाठी वीसदा उठेल-बसेल. चंपी चौथ्यांदा तुमच्याकडे पाहील आणि धुऱ्याकडे निघून जाईल. हा हट्ट नाही आणि मंदपणा तर मुळीच नाही. त्यात आता तिला काही मिळेनासं झालं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून सराव तीन ते पाच मिनिटांचा ठेवा, दिवसातून दोनदा, आणि तिला अजून हवं असतानाच थांबा.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक लोक आधी आवडीचं गाणं ठरवतात आणि मग कुत्र्याला त्यावर नाचवायला जातात. तसं होत नाही, कारण कुत्रं ताल धरत नाही. स्नोबॉल नावाचा एक काकाकुवा गाण्याच्या लयीवर डोकं आणि पाय हलवतो आणि लय बदलली की स्वतःचा वेगही बदलतो, हे संशोधकांनी २००९ साली तपासून दाखवलं. २०१३ साली रोनन नावाच्या सी लायन (समुद्रसिंह) मादीने ठेक्यावर डोकं हलवायला शिकल्याचं प्रसिद्ध झालं. कुत्र्याबद्दल असं काही सिद्ध झालेलं नाही. व्हिडिओत दिसणारं कुत्रं माणसाच्या खुणा पाळत असतं, आणि माणसाने गाणं असं निवडलेलं असतं की कुत्र्याची नेहमीची चाल ठेक्यावर पडावी. ताल माणसाने सांभाळायचा, कुत्र्याने नाही. हे एकदा पटलं की पोरीचा अर्धा त्रास कमी होईल आणि चंपीचा सगळा.

मग खंजिरीवर ती फिरते ते काय? ते आधी नीट पाहून घ्या. अंग सैल आहे, तोंड थोडं उघडं आहे, शेपूट मोकळी झुलते आणि ती तुमच्याजवळ येऊन फिरते, असं असेल तर माणसं जमल्याचा आनंद आहे. पण कान मागे चिकटलेले, ओठ चाटणं, मधूनच जांभई, शेपूट खाली, आणि फिरता फिरता आवाजापासून लांब जाणं, असं दिसलं तर तिला तो आवाज सोसत नाही. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त. खंजिरीच्या झांजा तिच्या कानाला आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण लागत असणार. तसं असेल तर सुरुवातीचे महिने खंजिरी नको आणि स्पीकरही नको.

चाल मोजायची रीत सोपी आहे. सकाळच्या गारव्यात बागेकडे जाणाऱ्या सपाट वाटेवर पोरीने भरभर चालावं आणि चंपीला बाजूने दुडकीने येऊ द्यावं. दोर सैल हवा, ओढाताण नको. कुणीतरी बाजूने मोबाइलवर चित्रीकरण करावं. मग ते हळू लावून पुढचा एकच पाय, समजा उजवा, १५ सेकंदांत किती वेळा जमिनीला लागतो ते मोजा आणि चाराने गुणा. ३४ वेळा लागला तर मिनिटाला १३६. म्हणजे ज्या गाण्याचे ठोके मिनिटाला १३६ च्या आसपास पडतात, किंवा बरोबर निम्मे म्हणजे ६८, ते चंपीचं गाणं. तीन वेगळ्या दिवशी मोजा. दुडकीचा आकडा फारसा हलत नाही. ठोके मोजायला मोबाइलवर फुकटची अ‍ॅप्स मिळतात, मनगटी घड्याळावरही काम भागतं.

इथे आपल्या भागाचा एक सल्ला देतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं मोर्शी-तिवशाकडे लेकरांच्याही तोंडी असतात, त्यामुळे पहिला विचार त्यांचाच येईल. पण खंजिरी भजन धीम्या लयीत उठतं आणि चढत जातं. लय चढली की कुत्र्याची दुडकी मोडते आणि दौड सुरू होते, मग पाय ठेक्यात राहत नाहीत. पहिल्या नाचासाठी ठेका सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहील असं काहीतरी घ्या. मला विचाराल तर भुलाबाईची गाणी घ्या. पोरींना पाठ असतात, टाळीवर चालतात, आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे मैत्रिणींनी ती चंपीच्या चालीच्या लयीत म्हणायची. रेकॉर्ड केलेलं गाणं कुत्र्यासाठी थांबत नाही, गाणाऱ्या पोरी थांबू शकतात.

गाणं ठरलं तरी ते लगेच लावायचं नाही. शिकवणं सगळं शांततेत.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात: खाऊ आणि एक खुणेचा आवाज. खाऊ म्हणजे उकडलेलं अंडं, उकडलेली कलेजी किंवा पनीर, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करून. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा कधीही नको. कुत्र्याला ते विषारी आहेत. प्रसादातल्या मनुकाही उचलून ठेवायला पोरीला सांगा. जेवढा खाऊ सरावात जाईल तेवढी भाकर संध्याकाळी कमी करा.

खुणेच्या आवाजासाठी परदेशात क्लिकर नावाची डबी वापरतात. जीभ टाळूला लावून काढलेला 'टॉक' असा आवाजही तेच काम करतो आणि हात मोकळे राहतात. पहिले दोन दिवस काहीच शिकवायचं नाही. टॉक, लगेच तुकडा. टॉक, तुकडा. थोड्याच वेळात आवाज आला की चंपी मान वळवून हाताकडे पाहायला लागेल. आता तो आवाज तिला सांगतो की याच क्षणी जे केलंस ते बरोबर. तुकडा हातातून तोंडाशी पोहोचेपर्यंत ती आणखी दोन गोष्टी करून मोकळी झालेली असते, म्हणून ही खूण लागते. आवाज चुकीच्या क्षणी निघाला तर भलतंच शिकवून होतं, तेव्हा पोरीने चंपीशिवाय सराव करावा: कुणीतरी चेंडू टाकावा आणि तो जमिनीला लागला की हिने टॉक करावं.

पहिली हालचाल गिरकी. चंपी समोर उभी. तुकडा बोटांत धरून तिच्या नाकाजवळ न्या, नाकाच्याच उंचीवर. हात वर गेला तर ती बसेल किंवा उडी मारेल. आता हात तिच्या शेपटीच्या दिशेने वळवा, सावकाश, ताटाच्या कडेवरून बोट फिरवावं तसा. मान वळते, मग खांदा, मग मागचे पाय सरकतात. पाव फेरी झाली की टॉक आणि तुकडा. पहिल्या दिवशी पूर्ण फेरीची अपेक्षा धरू नका. पाव, मग अर्धी, मग पूर्ण. पूर्ण फेरी सहज व्हायला लागली की तोच हात रिकामा फिरवा आणि खाऊ दुसऱ्या हातातून द्या. ही पायरी लोक वगळतात आणि मग खाऊ दिसल्याशिवाय कुत्रं हलत नाही अशी तक्रार करतात. त्यानंतर हाताचा घेर रोज थोडा लहान करत आणा, शेवटी बोटाची वळवळ पुरते. शब्द सगळ्यात शेवटी. आधी शब्द म्हणा, क्षणभर थांबा, मग हाताची खूण करा. शब्द आणि खूण एकदम दिली तर कुत्रं खूणच पाहतं, शब्द त्याच्या कानावरून जातो. डावीकडची आणि उजवीकडची गिरकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना वेगळे वाटतील असे शब्द ठेवा, 'फिर' आणि 'घुम' चालतील.

मागे सरकणं दिसायला सोपं, शिकवायला थोडं अवघड. कुत्र्याला आपले मागचे पाय कुठे आहेत याची फारशी जाणीव नसते. पुढचे जातील तिकडे मागचे येतात, एवढंच त्याला ठाऊक असतं. भिंतीजवळ बाज (खाट) आडवी उभी करा, मध्ये चंपी मावेल एवढीच बोळ ठेवा. बोळीच्या तोंडाशी पोरीने उभं राहावं, चंपीला आत खाऊ देऊन तोंड बाहेरच्या बाजूला करून घ्यावं आणि तिच्याकडे एक पाऊल टाकावं. वळायला जागा नाही, म्हणून ती एक पाय मागे टाकेल. टॉक त्याच पायाला. खाऊ पुढे फेकू नका, तिच्या पुढच्या दोन पायांमध्ये टाका, म्हणजे तो घ्यायलाही तिला मागेच सरकावं लागेल. चार-पाच पावलं सरळ जमली की बाज लांब सरकवा, मग काढून टाका.

आणि बसायचा पाट. हे मला सगळ्यांत आवडणारं साधन आहे, प्रत्येक घरात असतं. चंपीचे पुढचे दोन पाय पाटावर, मागचे जमिनीवर. पोरीने तिच्या खांद्याला खेटून उभं राहावं आणि सावकाश तिच्या दिशेने वळावं. पुढचे पाय पाटावरच राहतात आणि मागचे पाय गोल सरकायला लागतात. मागच्या पायाचं एक पाऊल, एक टॉक. हे पक्कं झालं की पाट काढल्यावरही चंपी पोरीच्या डाव्या पायाला चिकटून कुठेही वळेल. माणसाला चिकटून सफाईने चालणं हा या खेळाचा पाया आहे. गिरक्या पाहून लोक टाळ्या वाजवतात, जाणकार मात्र चालच पाहतो.

नमस्कारासारखी वाकण्याची हालचाल शिकवायचीच नसते. झोपून उठल्यावर कुत्रं पुढचे पाय लांबवून आळस देतं. रोज त्या क्षणी टॉक करा, काही दिवसांत ती मुद्दाम करून दाखवेल. पायातून आठाच्या आकारात जाणं गिरकीसारखंच, हाताच्या मागे नेऊन. आठ-दहा हालचाली दीड मिनिटाच्या नाचाला भरपूर होतात.

आता गाणं. प्रत्येक हालचालीला चंपीला किती ठोके लागतात ते मोजा. गिरकीला चार लागत असतील तर चार ठोक्यांचीच जागा ठेवा आणि त्यातल्या शेवटच्या ठोक्यावर पोरीने टाळी द्यावी किंवा पाय आपटावा. पाहणाऱ्याला वाटतं दोघी एकदम थांबल्या. चंपीला उशीर झाला तर पोरीने स्वतःचं एक पाऊल वाढवावं, चंपीला घाई करू नये. पूर्ण नाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत रोज करू नका. कुत्र्याला क्रम पाठ होतो आणि मग ते खुणेची वाट न पाहता पुढची हालचाल आधीच करून टाकतं. आज मधला तुकडा, उद्या शेवटचा, असं करा. आवाज सुरुवातीला इतका हळू की घरातलं बोलणं त्याच्यावर ऐकू यावं.

शरीराबद्दल मी कडक आहे. मागच्या दोन पायांवर चालवू नका. व्हिडिओत तेच जास्त दिसतं आणि पोरीलाही तेच हवं असेल, पण कुत्र्याचा कणा आणि खुबे त्या भारासाठी बनलेले नाहीत. क्षणभर उभं राहणं निरोगी कुत्रीला बाधत नाही. चालणं आणि पुन्हा पुन्हा उड्या मारणं बाधतं. सिमेंटच्या रस्त्यावर आणि ओसरीच्या गुळगुळीत फरशीवर वळणं नको, सारवलेलं अंगण सगळ्यांत चांगलं. यवतमाळकडच्या एका कुटुंबाची कुत्री अंगणात सुरेख गिरकी घ्यायची आणि शाळेच्या फरशीच्या ओट्यावर नेली की जागची हलायची नाही. लोक म्हणाले माणसांना घाबरते. ओट्यावर जुनी सतरंजी अंथरली, तशी तिने पहिल्याच खुणेला गिरकी घेतली. पावसाळ्यात काळी माती पंजांच्या मध्ये चिकटून वाळते आणि नंतर सराटे टोचतात, सरावाआधी आणि नंतर पंजे धुऊन बोटांच्या मधली जागा पाहत चला. बागेतल्या कुत्र्याला गोचीड लागतेच. चंपी लवकर दमायला लागली, हिरड्या फिक्या दिसल्या, तर सराव बंद करून आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. गोचीड तापाने कुत्रं आतून पोखरून निघतं. रेबीजची लस दरवर्षी.

आपला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. कुत्र्याला घाम पंजांतून थोडासा येतो, बाकी बहुतेक उष्णता ते धापा टाकून बाहेर काढतं. त्याच्या अंगाचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या वर गेलं की जिवाला धोका. पारा ४५ ला टेकतो त्या दिवसांत सराव पहाटेच, नाहीतर घरात कूलरपुढे. जमिनीवर पालथा हात सात सेकंद ठेवता आला नाही तर चंपीचे पंजेही तिथे नको. जीभ रुंद होऊन लोंबायला लागली, लाळ चिकट झाली, पाय अडखळले, तर सावलीत नेऊन अंगावर, पोटाला, जांघेत साधं पाणी ओता, वारा घाला आणि मग दवाखाना गाठा. ओलं पोतं अंगावर झाकून ठेवू नका, त्याने उष्णता आतच कोंडते.

मदाऱ्याचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, त्या बोलण्यामागे खरा राग आहे. नाकात वेसण घातलेलं अस्वल आणि गळ्यात दोरी बांधलेलं माकड आपल्या गावांनी पाहिलेलं आहे. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांचे खेळ करायला आता कायद्याने बंदी आहे. कुत्र्याला तशी बंदी नाही, पण तिकीट लावून खेळ करायचा असेल तर २००१ च्या नियमांप्रमाणे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. घरच्या अंगणातल्या किंवा शाळेच्या संमेलनातल्या बिनातिकिटाच्या नाचाला ती लागत नाही. लोकांना मात्र कायदा सांगत बसू नका, त्यांना सराव पाहायला बोलवा. गळ्यात दोर नाही, हातात काठी नाही, अंगणाचं फाटक उघडं. चंपीला कंटाळा आला तर ती निघून जाईल आणि पोरगी तिला हाक मारणार नाही. हा नियम घरात पक्का ठेवा: ती गेली की सराव संपला, ओरडणं नाही, ओढून आणणं नाही. लोकांना त्यातून जे कळायचं ते कळतं. आणि चुकूनही तिला घागरा-टोपी घालू नका. पट्टा रंगीत चालेल.

हा खेळ १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि १९९० च्या सुरुवातीला कॅनडा, अमेरिका, ब्रिटनमध्ये आकाराला आला. तिथले आज्ञापालनाचे सराव लोकांनी गाण्यावर करायला घेतले, त्यातून. ब्रिटनमध्ये मेरी रे यांनी क्रफ्ट्स या मोठ्या श्वानप्रदर्शनात करून दाखवल्यावर तो घराघरांत पोहोचला. आज त्याच्या दोन शाखा आहेत. एकीत कुत्र्याने बहुतेक वेळ माणसाला चिकटून चालायचं, ब्रिटिश नियमांत किमान दोन तृतीयांश वेळ. दुसरीत मोकळेपणाने काहीही. गुण तीन गोष्टींना: कार्यक्रमात काय काय आहे, हालचाली किती सफाईदार आहेत, आणि गाण्याशी मेळ कसा आहे. तुमच्या पोरीने पहिली शाखा धरावी असं मला वाटतं. तिच्यात उड्या माराव्या लागत नाहीत, आणि चंपी बागेत पोरीच्या मागे-मागे फिरत असेल तर निम्मं काम झालेलंच आहे.

शाळेच्या संमेलनात करायचं असेल तर महिनाभर आधी रिकाम्या मंडपात नेऊन नुसतं खाऊ घालून आणा. चंपी माजावर असेल त्या दिवसांत नेऊ नका, गावभरचे कुत्रे मागे लागतात. खरं तर तिची नसबंदी करून घ्या. डीजेच्या भिंतीसमोर उभं करू नका. फटाके लावणार असतील तर कार्यक्रम आपला नाही असं समजा.

पुढच्या वेळी मला नाचाचा नाही, चालीचा व्हिडिओ पाठवा. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरा, चारही पंजे दिसले पाहिजेत. दोन मिनिटं दुडकी, आणि डावी-उजवी दोन्ही गिरकी. प्रत्येक कुत्र्याची एक बाजू सोपी असते, त्यात काळजी नाही. पण अवघड बाजूला वळताना ती दरवेळी मागचा पाय उचलून धरत असेल किंवा कंबर एका अंगाला टाकत असेल, तर ते दुखणं असू शकतं. तसं दिसलं तर माझ्या उत्तराची वाट पाहू नका, गिरक्या तिथेच थांबवा आणि तिला डॉक्टरांना दाखवा.